गलतीकरांस पत्र आणि आमची पंगत

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळींत उपदेशासाठी एक वचन फार वापरलं जातं. नांगराला हात घातल्यावर जो मागं पाहतो तो देवाच्या राज्याला उपयोगी नाही, अशा अर्थाचं ते वचन लूकच्या शुभवर्तमानात आहे. त्याच्या जोडीला लोटाच्या बायकोची गोष्ट ठरलेली. तिनं मागं वळून पाहिलं आणि तिचा मिठाचा खांब झाला. मग उपदेशक सांगतात, मागचं विसरा, पुढं चला. वाडवडलांच्या चुका उकरून काय मिळायचंय?

माझा आजा मंडळीचा चिटणीस होता, पण पोटापाण्याला शेतकरीच. या वचनावर त्याचं स्वतःचं एक म्हणणं होतं. तो म्हणायचा, "नांगर चालू आसताना मागं बघू नये हे खरंच. बैल बिचकत्यात, तास वाकडं जातंय. पण बांधाला पोचल्यावर, बैलं फिरवायच्या आदी, शाणा माणूस एकदा मागं बघतोच. कुठं वाकडं गेलं ते तवाच दिसतं. न्हाईतर दुसरं तास पयल्याच्याच कडंनं वाकडं जातंय, आन् मग आख्खं वावर वाकडं."

लोटाच्या बायकोनं मागं पाहिलं ते मागचं सोडवेना म्हणून. बांधावरचा शेतकरी पाहतो ते पुढचं नीट व्हावं म्हणून. दोन्ही पाहण्यांत फरक आहे, आणि आमच्या मंडळ्यांत हा फरक पुष्कळदा मुद्दाम पुसला जातो. म्हणून इथं मी बांधावर उभं राहून आमच्या भागातल्या ख्रिस्ती समाजाची काही तासं पाहणार आहे. कुठं वाकडं गेलं, कुणी सरळ केलं, आणि कुठं अजून वाकडंच चाललंय.

खरं तर बायबल हाती असलेल्या माणसाला मागच्या चुकांची भीती वाटायचं कारण नाही. तो ग्रंथच मुळी चुकांचं मोठं दप्तर आहे. राजेरजवाड्यांच्या बखरी लिहिणारे धन्याच्या पराक्रमाचे रकाने भरतात. इथं मात्र दावीद राजानं उरियाची बायको घेतली, उरियाला लढाईत पुढं घालून मारवलं, आणि नाथान संदेष्ट्यानं दरबारात येऊन त्याला तोंडावर सुनावलं, हे सगळं जसंच्या तसं लिहून ठेवलंय. पेत्र तर शिष्यांतला पुढारी. त्यानं कोंबडा आरवायच्या आत तीनदा आपल्या गुरूला नाकारलं. ही गोष्ट झाकणं मंडळीला सहज जमलं असतं. पण चारही शुभवर्तमानांत ती आहे.

आपण 'पश्चात्ताप' म्हणतो. शब्दातच ताप आहे, मागाहून होणारा जाळ. त्यामुळं डोळ्यांत पाणी आलं की पश्चात्ताप झाला, असं आपण धरून चालतो. पण जुन्या करारातल्या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ आहे माघारी वळणं. वाट चुकली हे कळल्यावर वाटेत बसून रडणारा वळलेला नसतो. पावलं फिरवतो तो वळतो.

आता आमच्या भागाकडं येऊ. अमेरिकेतले मिशनरी मुंबईत उतरले १८१३ साली. नगरला त्यांचं ठाणं झालं १८३१ मध्ये. १८४२ साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक नगरलाच सुरू झालं. सिंथिया फरार नावाच्या मिशनरी बाईंनी नगरला मुलींच्या शिक्षणाचं काम केलं. सावित्रीबाई फुले त्यांच्याकडं अध्यापनाचे धडे घ्यायला आल्या होत्या. पहिली काही वर्षं बाप्तिस्मा घेणारे बोटांवर मोजण्याएवढे. त्यांत हरिपंत खिस्तींसारखे ब्राह्मणही होते. पुढं नेवासं, राहुरी अशा तालुक्यांतून काम पसरलं आणि गावकुसाबाहेरची माणसं मंडळीत येऊ लागली. पुष्कळशी महारवाड्यातली, काही मांगवाड्यातली.

मग आला १८७६ ते ७८ चा दुष्काळ. विहिरी आटल्या, गुरं गेली, माणसं गाव सोडून चालू लागली. सरकारनं दुष्काळी काम म्हणून दौंड–मनमाड रेल्वेचा भराव टाकायला घेतला. राहुरी, बेलापूर, पुणतांबं या पट्ट्यातल्या किती घरांनी त्या भरावावर माती वाहून दिवस काढले असतील! १८७८ साली त्या रुळांवरून गाडी धावली. याच काळात मिशनऱ्यांनी दुष्काळग्रस्तांसाठी मदतकार्य केलं, आणि दुष्काळ सरता सरता आमच्या भागात ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्या एकदम वाढली.

इथंच पहिला प्रश्न उभा राहतो. ज्या हातात धान्याचं माप आहे त्याच हातानं बाप्तिस्मा द्यावा का? घेणाऱ्याच्या मनात खरं काय आहे हे देवाला ठाऊक. पण भुकेल्या माणसाला नाही म्हणायची सोय नसते, हे माणसालाही कळतं. तेलुगू मुलुखात ओंगोलला जॉन क्लाऊ नावाचे अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी होते. त्यांनी याच दुष्काळात बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचा एक तुकडा कंत्राटानं घेतला आणि हजारोंना काम दिलं. पण मदत चालू होती तोवर त्यांनी बाप्तिस्मे बंद ठेवले. लोक मागत होते तरी थांबवलं. दुष्काळ ओसरला, मदतीचं काम संपलं, आणि मग १८७८ च्या जुलैत एकाच दिवशी २,२२२ लोकांचा बाप्तिस्मा झाला. आकडा मोठा आहे म्हणून तो सगळीकडं सांगितला जातो. मला त्या आकड्याच्या आधीचं थांबणं मोलाचं वाटतं. भाकरीचा हात आणि पाण्याचा हात वेगळा ठेवायला हवा, हे त्या माणसाला ओळखता आलं.

सगळीकडं असं झालं नाही. त्यामुळं 'पोटासाठी बाटलेले' हा शिक्का आमच्या चारपाच पिढ्यांच्या कपाळी बसला. शाळेत, बाजारात, एस.टी.च्या रांगेत कुणीतरी तो शब्द टाकायचंच. आज्याला एकदा चावडीवर कुणी असं म्हणालं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "पोटासाठी आलो आसतो तर पाऊस पडल्यावर माघारी गेलो आसतो." त्यात खोटं काही नव्हतं. ख्रिस्ती झाल्यावर मरीआईच्या जत्रेतली कामं सोडावी लागली, गावकीचं काम सोडलं की बलुतं तुटलं, सोयरीक तुटली. फायद्याच्या हिशेबानं पाहिलं तर सौदा तोट्याचाच होता. पण आज्याचं उत्तर बरोबर होतं म्हणून मिशनांची चूक पुसली जात नाही. देणाऱ्यानं घाई केली, आणि टोमणा घेणाऱ्याच्या नातवंडांना ऐकावा लागला. चुकीचं असंच असतं. करतो एक, फेडतो दुसराच.

दुसरं वाकडं तास गाण्याचं. सुरवातीची पुष्कळशी भजनं विलायती चालीवर बसवलेली. शब्द मराठी, पण ओळी इंग्रजी तालात तोडलेल्या. ओव्या म्हणत दळण दळणाऱ्या बाईला ती चाल ना जात्यावर धरता येई, ना खुरपताना. आजी सांगायची की तिची आई देवळात ओठ हलवायची आणि घरी आल्यावर ओवीच म्हणायची, फक्त विठ्ठलाच्या जागी येशू घालून. म्हणजे अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बाईनं आपल्या घरापुरती दुरुस्ती आधीच केली होती.

मंडळीनं ही दुरुस्ती करायला वेळ लावला, पण केली. १८६० च्या दशकात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन सुरू केलं. टाळ-मृदंग, पूर्वरंग-उत्तररंग, सगळा साज आपल्याकडचा आणि कथा ख्रिस्ताची. काही लोकांना त्यात बाटल्यासारखं वाटलं असेल, पण गावाला ते कळलं. पुढं १८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि ते नगरला आले. तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असं ते सांगत. त्यांनी अभंग लिहिले, पदं लिहिली, आणि मराठी मंडळ्यांच्या गळ्याला पहिल्यांदा आपला सूर मिळाला. आजही आमच्या देवळात म्हटली जाणारी कितीतरी गीतं त्यांची आहेत.

पंडिता रमाबाईंनी भाषेच्या बाबतीत हेच केलं. १८९६–९७ च्या आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांतून त्यांनी केडगावला मुली आणल्या, वाचवल्या. बायबलाचं चालू भाषांतर त्या मुलींना, साध्या बायकांना जड जातं हे पाहून त्या स्वतः हिब्रू-ग्रीक शिकल्या आणि सोप्या मराठीत सगळं बायबल नव्यानं उतरवायला बसल्या. १९२२ साली त्या गेल्या, तोवर ते काम पुरं करत आणलं होतं. "लोक अडाणी आहेत" असं म्हणून थांबता आलं असतं. रमाबाईंनी दोष भाषांतराचा धरला.

टिळकांना आणखी एक गोष्ट खुपत होती. मंडळी मिशनच्या पगारावर चालते, माणसं 'मिशनचा नोकर' होण्यातच धन्यता मानतात, आणि गोरा साहेब देईल तेवढं आणि सांगेल तसं, असा कारभार होतो. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत असा त्यांचा विचार होता. दोन वर्षांत, १९१९ साली, ते वारले आणि दरबार मोठा झालाच नाही. पण त्यांनी ज्या दुखण्यावर बोट ठेवलं होतं ते खरं निघालं. पुढं परदेशचा पैसा आटत गेला तेव्हा खेड्यापाड्यांतल्या शाळा बंद पडल्या, मास्तर घरी बसले, आणि बऱ्याच मंडळ्यांना कळेना की आता पाळकाला पगार द्यायचा कुठून.

आमच्या गावात त्यावर उपाय बायकांनी काढला. रोज दळण काढताना बाजरीची एक मूठ वेगळ्या गाडग्यात टाकायची. महिन्याकाठी गाडगी देवळात यायची, मोजली जायची, आणि पाळकांच्या घरी जायची. सुगीला उपकारस्तुतीचा सण. त्या दिवशी कुणी जोंधळ्याची कणसं, कुणी कोंबडा, कुणी भोपळा आणायचा आणि उपासनेनंतर देवळासमोर लिलाव व्हायचा. एक भोपळा तीनतीनदा विकला जायचा, कारण घेणारा तो पुन्हा अर्पण करायचा. लिलावात हसू-खिदळू असायचं, पण त्या पैशावर मंडळी उभी राहिली. बाहेरून येणाऱ्या पैशाची वाट पाहणं तिथं थांबलं.

आता तिसऱ्या, सगळ्यांत अवघड तासाकडं येतो. ते पंगतीचं.

देवापुढं सगळे सारखे, हे ऐकूनच आमची माणसं ख्रिस्ताकडं आली. पण गावकुसाबाहेरही उतरंड होतीच. महारवाडा आणि मांगवाडा यांच्यात रोटी नव्हती, बेटी तर नव्हतीच. आणि ही उतरंड पाण्यात बुडवून निघत नाही, हा अनुभव एकट्या आमच्या जिल्ह्याचा नाही. तामिळ मुलुखात, तंजावरकडच्या जुन्या मंडळ्यांत, उच्च जातीचे ख्रिस्ती एका बाजूला आणि खालच्या मानलेल्या जातींचे दुसऱ्या बाजूला बसत. आधीच्या मिशनऱ्यांनी हा समाजाचा रिवाज आहे, धर्माचा नाही, असं म्हणून चालवून घेतलं होतं. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्र काढून सांगितलं की मंडळीत जात चालणार नाही. त्यावर अनेक कुटुंबं मंडळी सोडून गेली. शंभर वर्षं जिरवलेली चूक एका पत्रानं निघत नाही, हे तिथं दिसलं. आणि पत्र निघालंच नसतं तर चुकीला चूक म्हणायलाही कुणी उरलं नसतं, हेही.

आमच्या गावात महारवाड्यातली घरं आधी ख्रिस्ती झाली. मांगवाड्यातली पाचसहा घरं पंधरावीस वर्षांनी आली. त्यांचा बाप्तिस्मा झाला, नावं वहीत चढली, पण देवळात ती माणसं दाराशी बसायची. कुणी बसवलं असं नाही, बसायची. प्रभुभोजनाचा प्याला एकच, तो त्यांच्याकडं शेवटी जायचा. आणि नाताळच्या जेवणाला त्यांची पंगत वेगळी, देवळाच्या मागच्या अंगाला, लिंबाखाली. देवळात वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की देव प्रीती आहे.

एका नाताळला मिशनच्या दुसऱ्या ठाण्यावरून एक बायबलबाई आल्या होत्या. वयानं पोक्त, विधवा, पायी गावोगाव फिरणाऱ्या. आज्यानं ही हकिगत मला दोनचारदा तरी सांगितली असेल. पुढच्या अंगाला पंगत मांडली, पाहुण्या म्हणून बाईंना पहिल्या पानावर बोलावलं. बाई उठल्या त्या थेट लिंबाखाली गेल्या आणि मांगवाड्यातल्या बायकांच्या मध्ये जाऊन बसल्या. वाढप्यांचे हात थांबले. पाहुणीला आधी वाढायचं, तर लिंबाखालून सुरवात करावी लागणार. पाळक म्हणाले, "बाई, तुमचं पान इकडं मांडलंय." बाई म्हणाल्या, "प्रभू जिथं बसला आसता तिथं बसले. तुमी वाढा." मग त्यांनी शाळेच्या मास्तरांना सांगितलं, गलतीकरांस पत्र काढा, दुसरा अध्याय वाचा.

गलतिया नावाच्या मुलखातल्या मंडळ्यांना पौलानं लिहिलेलं ते पत्र. आमच्याकडची जुनी माणसं गमतीनं म्हणत, गलती करणाऱ्यांना लिहिलेलं पत्र. त्या दिवशी गंमत राहिली नाही. अंत्युखियाच्या मंडळीत पेत्र परजातीय ख्रिस्ती लोकांच्या पंगतीला बसून जेवत होता. मग यरुशलेमकडून याकोबाची काही माणसं आली, तेव्हा तो घाबरून मागं सरला आणि वेगळा जेवू लागला. त्याचं पाहून बाकीचे यहूदीही सरले, बर्णबासारखा भला माणूसही. पौलानं सगळ्यांच्या देखत, तोंडावर, पेत्राला त्याची चूक दाखवली. मास्तरांनी हे सारं वाचलं, आणि आज्याच्या शब्दांत सांगायचं तर, "भाकरी गार झाल्या पर कुणी हाललं न्हाई."

शेवटी कुणीतरी पुढच्या पंगतीतलं पान उचललं आणि लिंबाखाली आणून मांडलं. मग दुसरं आलं. सगळी नाही आली. दोन घरं न जेवता उठून गेली आणि दीड वर्ष देवळात फिरकली नाहीत. पण पुढच्या नाताळपासून पंगत एक झाली.

आज्यानं ही हकिगत मंडळीच्या वहीत लिहिली. चिटणीस म्हणून त्याचं कामच होतं ते. कोण उठून गेलं त्यांची नावंही लिहिली, आणि त्यांत त्याच्या सख्ख्या चुलत्याचं नाव होतं. पुढं ते लोक परत आल्यावर पंचांनी त्याला सांगितलं की आता मिटलंय, ते पान काढून टाक. आज्यानं नाही काढलं. तो म्हणाला, "पेत्राचं पान पौलानं काढलं न्हाई. आमचा चुलता काय पेत्रापक्षा मोठा हाय व्हय?"

उच्च जातीतून आलेल्यांचीही हीच कसोटी होती. टिळकांचा बाप्तिस्मा झाल्यावरही लक्ष्मीबाईंनी कित्येक दिवस आपलं सोवळंओवळं सांभाळलं होतं. मग ते कसं सुटत गेलं हे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त कसलीही लपवाछपवी न करता सांगितलंय. स्वतःचं हसं करून घेत सांगितलंय. शहाण्या, धर्मनिष्ठ म्हणवणाऱ्या माणसांनी स्वतःच्या चुकांवर असं लिहिलेलं मराठीत थोडंच आहे. ते पुस्तक टिकलं ते त्या खरेपणावर.

पंगत एक झाली तशी देवळंही एक व्हायला फार काळ जावा लागला. १८७० च्या दशकात विलायतेचं अँग्लिकन मिशनही नगर भागात आलं. एका भागात दोन मिशनं, दोन रिवाज, आणि माणसं कुणाची यावरून ओढाताण. एकाच भावकीतली दोन घरं दोन देवळांत जायची आणि एकमेकांच्या प्रभुभोजनाला बसायची नाहीत. हे भांडण आमचं नव्हतंच. ते सातासमुद्रापलीकडून आलेलं, आम्ही नुसतं वाहिलं. १९७० साली २९ नोव्हेंबरला नागपुरात उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली आणि या जुन्या पंथांपैकी बरेच एका छपराखाली आले. मालमत्तेचे खटले पुढंही चालले, ते वेगळं. पण वेगळ्या प्याल्याचा रिवाज मोडला गेला.

असं सगळं सरळ झालं असतं तर लिहायची गरज नव्हती. बेटीव्यवहाराचं तास अजून वाकडं आहे. लग्नाचं स्थळ पाहताना "कुठल्या वाड्याचे?" हा प्रश्न आता कुणी मोठ्यानं विचारत नाही, आडनाव आणि गाव विचारलं की भागतं. आणि ही झाकपाक आपल्याच मुळावर येते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंपुरत्या होत्या. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्या मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्या दलितांना अजून नाहीत. आमचे पुढारी दिल्लीला अर्ज देतात की धर्म बदलला तरी जात सुटली नाही, आम्हांला तिचे चटके बसतात. आणि रविवारी त्याच तोंडानं सांगतात की मंडळीत जात नाही. सरकारपुढं एक आणि देवापुढं दुसरं बोलून न्याय मागता येत नाही. आधी मंडळीत खरं बोलावं लागेल.

काही वर्षांपूर्वी आमच्या देवळाची स्मरणिका काढायचं ठरलं. आज्याची वही आमच्याच घरात होती, म्हणून जुनी माहिती काढायचं काम माझ्याकडं आलं. मी पंगतीचं पान समितीपुढं ठेवलं. दोन बैठका त्यावरच गेल्या. एकजण म्हणाले, बाहेरचे लोक वाचतील, हसतील. दुसरे म्हणाले, मेलेल्यांची बदनामी कशाला. एक तरुण पोरगी, नर्सिंगचं शिकणारी, मागं बसली होती. ती म्हणाली, "चांगल्या कामाच्या पानावर त्यांची नावं घालताय ना? मग ह्या पानाला मेलेली माणसं आडवी कशी येतात?" शेवटी तोड निघाली. हकिगत छापायची, उठून गेलेल्यांची नावं गाळायची. मला ती तोड पुरी पटली नाही. पण पान छापलं गेलं.

स्मरणिका वाटल्यावर बरे-वाईट दोन्ही बोल आले. पण एक गोष्ट कुणाच्या ध्यानात नव्हती. ज्या घरांची पंगत लिंबाखाली बसायची त्यांतल्या एका घरची सून, आता अंगणवाडी सेविका असलेली, स्मरणिका घेऊन आली. तिनं ते पान वाचलं होतं, चांगलं झालं म्हणाली. मग विचारलं, "दादा, पंगतीचं लिवलंय, पर हिरीचं कुठाय?"

कुठल्या विहिरीचं, मी विचारलं. देवळाच्या आवारातल्या. पंगत एक झाल्यावरही कितीतरी वर्षं त्या घरांतल्या बायकांना त्या विहिरीत पोहरा सोडू देत नव्हते. दुसऱ्या बाईनं वरून ओतलेलं पाणी घ्यावं लागायचं. तिच्या सासूनं ते घेतलंय. आज्याच्या वहीत मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. विहिरीचा खर्च आहे, रहाटाची दुरुस्ती आहे, पाण्याचं काही नाही. इतक्या खऱ्या माणसालाही ते लिहावंसं वाटलं नाही, किंवा दिसलंच नाही.

वहीच्या मागं काही पानं कोरी आहेत. म्हातारी ऐंशीच्या पुढं गेली आहे, ऐकायला कमी येतं, पण बोलते ठणठणीत. सून म्हणाली, सुगी आटपली की या, ती समदं सांगंल. बाजरी काढून झाली की जायचंय.